पावसाच्या पुढचं वाक्य

मी बोलतोय, पण जरा चाचरतच. आमच्या घराण्यात खात्रीनं बोलायची रीत नाही. मी हवामानाचा अंदाज आहे. कारूच्या कोरड्या पठारावरच्या ब्लाउकोप या गावासाठी, दक्षिण गोलार्धातल्या ऐन जुलैच्या थंडीत, मला तयार केलं गेलं. माझं आयुष्य एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचं. तेवढ्या वेळात जे पाहिलं, तेच सांगतो.

माझ्या आधीची भावंडं सगळी एकसारखी होती. रोज एक जन्माला यायचं आणि तेच बोलायचं. पहाटे दव गोठेल, दिवसा ऊन पडेल, आकाश निरभ्र राहील. असं तीन वर्षं चाललं होतं. गावचा बंधारा आटून तळाची माती भेगाळली होती. भावंडांची वेळ झाली की बायका चुलीवरचं भांडं हलवायला उठत. कुणी रेडिओ बंद करत नसे, पण ऐकतही नसे.

मला घडवलं नोम्वुयो नावाच्या मुलीनं, समुद्रकाठच्या शहरातल्या एका कचेरीत. समोरच्या नकाशावर समुद्रावरून थंड हवेची एक लाट वर चढत होती. नोम्वुयोनं ‘पावसाची शक्यता’ असं लिहिलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं. तिच्या साहेबांनी मागून डोकावून पाहिलं.

“पाऊस? त्या गावाला?”

“हो सर.”

“तीन वर्षांपूर्वी, मागच्या खेपेला पाऊस म्हणालो तेव्हा काय झालं, आठवतंय ना? एका बाईनं फोन करून विचारलं, तुमच्या कचेरीला खिडकी आहे की नाही म्हणून.”

“मग काढून टाकू?”

साहेबांनी नकाशावरच्या लाटेवर बोट ठेवलं. “नको. राहू दे. फक्त ‘शक्यता’ या शब्दाला हात लावू नकोस.”

मग नोम्वुयोनं चहाचा कप बाजूला सारला आणि माझं शेवटचं वाक्य लिहिलं. ते लिहिताना ती थांबली नाही. अशी माझी तीन वाक्यं झाली. पहिलं ढगांचं: उद्या सकाळपासून आकाश भरून येईल. दुसरं पावसाचं: पावसाची शक्यता आहे. तिसरं असं: दक्षिणेचा बोचरा वारा सुटून थंडी एकाएकी वाढेल, तरी नुकत्याच कातरलेल्या शेळ्या-मेंढ्या आडोशाला घ्याव्यात.

आम्हा अंदाजांना पाय नसतात. जो आम्हाला बोलून दाखवतो, त्याच्याबरोबर आम्ही जातो. त्यानं जेवढं उचललं असेल, तेवढेच आम्ही त्याच्याजवळ असतो.

भर दुपारी मी डोल्फच्या दुकानातल्या रेडिओतून बाहेर पडलो. डोल्फ हा गावातला एकुलता दुकानदार. मक्याच्या पिठाची पोती, रॉकेल, तंबाखू असं सगळं त्याच्याकडे मिळे. दुकानाबाहेर उन्हात एक बाक होता आणि बाकाच्या वर काळा फळा. रोजचा अंदाज डोल्फ त्यावर खडूनं लिही. तीन वर्षं एकच मजकूर असल्यामुळे तो हल्ली फक्त तारीख बदलत असे.

माझं पहिलं वाक्य झालं तेव्हा बाकावरची माणसं तंबाखू मळत होती. दुसरं झालं आणि सगळे हात थांबले.

“काय म्हणाला तो?”

“पाऊस म्हणाला!”

“कुठल्या गावाला?”

“आपल्याच की! ब्लाउकोप म्हणाला, आईशपथ!”

मग जो गलका झाला, काय सांगू. एकानं टोपी वर फेकली, ती पन्हळीत अडकली. एक म्हातारा बाकावर बसूनच रडायला लागला आणि शेजारचा त्याला म्हणाला, “आत्ताच सगळं पाणी काढू नको, उद्यासाठी ठेव.” त्या हसण्यात माझं तिसरं वाक्य रेडिओतून बाहेर आलं. ते सगळ्यांच्या डोक्यांवरून गेलं, कुणाच्या कानात शिरलं नाही. आवाज चढवायला मला येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

डोल्फनं फळा पुसला आणि पाऊस हा एकच शब्द एवढा मोठा लिहिला, की खाली बोटभरही जागा उरली नाही.

बाकावर एसाऊ मालगासही होता. गावात त्याला ऊम एसाऊ म्हणत, म्हणजे एसाऊकाका. तो आणि त्याची बायको ग्रिएता यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेळ्या राखल्या होत्या. आता म्हातारपणी गायरानावर त्यांचा स्वतःचा कळप होता. लांब, पांढऱ्या, रेशमासारख्या केसांच्या अंगोरा शेळ्या. त्या केसांवरच दोघांचं वर्ष निघे. केस कातरणारी टोळी गायरानावर आली होती आणि एसाऊची पाळी दुसऱ्या दिवशीची होती.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ओले केस कातरता येत नाहीत. कातरले तर गठ्ठ्यात कुजतात. आणि टोळी काही थांबत नाही. ती पुढच्या गावी गेली की वसंताशिवाय परत येत नाही. तेव्हा पाऊस म्हटल्याबरोबर एसाऊच्या मनात एकच गोष्ट आली. तंबाखू बाकावरच टाकून तो गायरानाकडे धावत सुटला. मीही त्याच्याबरोबर होतो. म्हणजे, माझी दोन वाक्यं होती.

टोळीचा मुकादम म्झ्वान्दिले दगडावर बसून कात्रीला धार लावत होता.

“ऊम एसाऊ, आधी दम घ्या. कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं! पाऊस येतोय. माझ्या शेळ्या आजच उरका.”

म्झ्वान्दिलेनं वर पाहिलं. “आकाशात चिमणी पण नाही, ऊम.”

“रेडिओ म्हणाला.”

“बरं. अजून काय म्हणाला?”

“अजून काय म्हणायचं राहिलंय?”

मी त्याच्या जिभेवर बसून आतल्या आत तडफडत होतो. पण त्यानं जे उचललंच नव्हतं, ते मी कुठून बोलणार? म्झ्वान्दिलेला धंद्याचं कळत होतं, पण त्याला सांगितला तो नुसता पाऊस. या भागात हिवाळ्यात पाऊस म्हणजे बहुधा धूळ बसण्यापुरता शिडकावा. त्यानं माणसांना हाक मारली. कात्र्या चालू झाल्या. ऊन कलेपर्यंत एसाऊच्या सगळ्या शेळ्या सोललेल्या बटाट्यांसारख्या गुलाबी-पांढऱ्या होऊन कुंपणात उभ्या राहिल्या आणि एकमेकींना ओळखेनात. एसाऊ केसांच्या ढिगापाशी उभा राहून गुणगुणत होता.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर मला पुन्हा वाचलं गेलं. शाळेच्या वसतिगृहात ग्रिएता स्वयंपाकाला होती. मुलं जेवायला यायची होती, स्वयंपाकघरात ती एकटीच मोठं पातेलं घासत होती. पाऊस ऐकून तिचा हात थांबला. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली. मग माझं तिसरं वाक्य आलं. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण ऐकलं.

“बरं झालं, आपली कातरणी उद्या आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “टोळीला सांगते, यंदा राहू दे.”

वसतिगृहातल्या दुसऱ्या बाईला बोलावून तिच्यावर वाढप सोपवून, एप्रन काढून ती गायरानावर आली. कुंपणापाशी पोचली आणि जागीच थबकली.

“एसाऊ! हे काय केलंस?”

“बघ, उरकलं! एक केस भिजणार नाही आता.”

“केस नाही भिजणार. शेळ्या?”

एसाऊ हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. ग्रिएतानं त्याला माझं तिसरं वाक्य शब्द न् शब्द ऐकवलं.

“असं नव्हतं म्हणाला तो,” एसाऊ हळूच म्हणाला.

“म्हणाला. पावसाच्या पुढे म्हणाला.”

“पावसाच्या पुढे कोण ऐकतं गं, ग्रिएता?”

“तू नाहीसच ऐकत. माझ्या आईनं लग्नाला ‘हो’ म्हटलं तेव्हाही पुढचं न ऐकता पळालास. ती म्हणत होती, आधी घर बांध.”

म्झ्वान्दिले कात्री खाली ठेवून जवळ आला. “आन्टी, हे मला दुपारी कळायला हवं होतं. इथं नुसतं छप्पर आहे, भिंती नाहीत. दक्षिणेचा वारा आणि अंगावर पाणी, अशी एक रात्रही उघड्या अंगाची शेळी काढत नाही. सगळ्या जातील.”

ग्रिएतानं शेळ्यांकडे पाहिलं आणि मग गावाकडे. “भिंती गावात आहेत,” ती म्हणाली आणि तिनं कुंपणाचं फाटक उघडलं.

मावळतीच्या स्वच्छ उजेडात तो उघडा कळप गावच्या रस्त्यानं निघाला. पुढे ग्रिएता, मागे एसाऊ, दोन्ही बाजूंना टोळीची माणसं. आकाशात एक ढग नव्हता. लोक दारात येऊन बघत होते.

“काय ग्रिएता, सगळ्यांना जेवायला बोलावलंस वाटतं?”

“कपडे तरी घालून आणायच्यास!”

ग्रिएता प्रत्येक दारापुढे थांबे आणि एवढंच म्हणे, “चार घे. चुलीपाशी ठेव. बाहेर नको.”

एक शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पिऊन आला तर नवऱ्याला मी आत घेत नाही, आणि तुझ्या शेळ्या घेऊ?”

“शेळ्या पीत नाहीत.”

शेजारणीनं दार पुरतं उघडलं. असं दारोदारी करत कळप वाटला गेला. शेवटच्या दोन शेळ्या डोल्फच्या दुकानी उरल्या.

“पाऊस म्हणजे वाईट बातमी, असं सांगणारी तू पहिलीच,” डोल्फ म्हणाला. “पिठात लेंड्या पडल्या तर कोण घेईल ते?”

“एक रात्र, डोल्फ.”

“बरं, बरं. घेतो.”

पण ती वळल्यावर त्यानं वर पाहिलं. चांदण्या निघाल्या होत्या. त्यानं दोघींच्या पाठीवर एकेक पोतं टाकलं आणि त्यांना मागच्या ओसरीतल्या खांबाला बांधलं.

मी दुकानापुढच्या फळ्यावर होतो आणि डोल्फच्या बरोबरही होतो, म्हणून सगळं बघत होतो. माझं मन तेव्हा काय म्हणत होतं, सांगू? खरं ठरणं एवढाच आम्हा अंदाजांचा मान. दुसरं काही आम्ही मागत नाही. पण त्या ओसरीकडे बघून मला वाटलं, आपण खोटं ठरावं. लगेच त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण झाली, बंधाऱ्यातल्या भेगा आठवल्या, आणि वाटलं, नाही, खरंच ठरावं. दोन्ही वाटत राहिलं. माझ्या वाटण्यावर ढग चालत नाहीत, हे एका परीनं बरंच आहे.

पहाटेच वारा फिरला. दुकानाची पाटी आधी दक्षिणेकडे कलली होती, ती कुरकुरत उलटी झाली. मग डोंगरामागून ढग आले, काळेनिळे आणि जमिनीला टेकलेले. पहिले थेंब गोळ्यांसारखे पडले. त्यांत बर्फाचे कण होते. मग सरळ, जाड, न थांबणारा पाऊस लागला. तीन वर्षांचा साठलेला. माणसं थंडीनं कुडकुडत दारांत उभी राहून तो अंगावर घेत होती आणि त्यांच्या मागे चुलीपाशी शेळ्या रवंथ करत होत्या.

उजाडल्यावर ग्रिएता आणि एसाऊ घरोघर फिरले. सगळीकडे शेळ्या धड होत्या. डोल्फच्या दुकानाशी आले तेव्हा तो स्वतःच बाहेर आला, टोपी हातात धरून, भर पावसात. त्यानं त्यांना मागच्या ओसरीत नेलं. वाऱ्यानं पोती उडवून नेली होती. एक शेळी भिंतीला चिकटून उभी होती. दुसरी तिच्या पायांशी आडवी होती.

“तारे होते, ग्रिएता,” डोल्फ म्हणाला. “मला वाटलं, तारे आहेत.”

ग्रिएता खाली बसली. आडव्या शेळीच्या मानेवरून तिनं एकदा हात फिरवला. मग दोरी सोडून उभीला छातीशी घेतलं.

“माझ्यामुळे झालं,” एसाऊ म्हणाला. “मी पुढचं ऐकलं असतं तर...”

“पुरे, दोघंही. हिला आधी आत न्या.” उठता उठता ती थांबली. “आणि ते ऐका जरा.”

पन्हळीतून पाणी कोसळत होतं. दोन दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्या आवाजासाठी सगळं गाव चालत आलं असतं. तिघं ओसरीत उभे राहून तो ऐकत होते. कुणाचा चेहरा पावसानं ओला होता आणि कुणाचा कशानं, ते मला सांगता येणार नाही.

माझं आयुष्य आता संपत आलं होतं. फळ्यावरचा माझा एकच शब्द वारा आणि पाणी मिळून खरवडत होते. ज्या पावसाची मी वर्दी दिली, त्यानंच मला पुसायला घेतलं. तक्रार नाही. यापेक्षा चांगलं मरण आमच्यापैकी फार थोड्यांना मिळतं. पण पुसला जाता जाता जे दिसलं, ते सांगूनच जातो.

दुपार झाली. दुकानात माणसं दाटीवाटीनं उभी होती. वाचलेली शेळी पिठाच्या पोत्यांशेजारी बसली होती आणि तिला कुणी हाकलत नव्हतं. रेडिओवर माझा धाकटा भाऊ आला. तोही माझ्यासारखाच चाचरत बोलणारा. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यात पुन्हा पावसाचं नाव आलं आणि पन्हळीत टोपी अडकलेला तो माणूस ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात डोल्फनं हात वर केला.

“गप बस! अजून बोलतोय तो.”

सगळं दुकान गप्प झालं. डोल्फनं फळा आत आणला, बाहीनं माझी उरलीसुरली रेघ पुसली आणि वरच्या कोपऱ्यापासून बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

मी चाललो. एकच विनंती आहे. चाचरत बोलणारं कुणी तुमच्या दारी आलं, तर मनासारखं कानी पडताच उठू नका. थोडं थांबा. त्याचं शेवटचं वाक्य व्हायचं असतं.