भिंतीकडे तोंड करून लिहिलेला अंदाज

मोसमाआधी कॉलेजच्या बास्केटबॉल संघांचा अंदाज लिहिणाऱ्या बातमीदाराची यंदा पंचाईत झाली होती, कारण त्याची धाकटी लेक त्यातल्याच एका संघात निवडली गेली होती. पक्षपाताचा आळ नको म्हणून तो तिच्या सरावाला गेला, तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच खुर्चीवर बसला.

"अहो, भिंत कुठल्या संघातून खेळते?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

"कानांना नातीगोती नसतात," तो गंभीरपणे म्हणाला.

थोड्या वेळाने त्याच्या कानांनी टिपलं, चेंडू रिंगला न शिवता जाळीतून सर्रकन जाऊ लागला होता. एकदा, दोनदा, मग जातच राहिला. त्याने लगेच लिहून टाकलं : 'या संघात हिरा आहे. पहिला क्रमांक यांचाच.'

"कोण टाकतंय हो?"

"वळून बघा की. मान काय भाड्याची आहे?"

तो वळला. घामाने निथळलेली लेक पुढचा नेम धरत होती. बापाची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण उडून बाईंच्या शिट्टीवर आपटलं. पण लगेच त्याने ओळ खोडायला पेन उचललं.

"बाबा, खबरदार!" लेक ओरडली.

"लोक म्हणतील, बाप लेकीची टिमकी वाजवतोय."

"म्हणू देत. वळायच्या आधी लिहिलंत ना? मग खरंच आहे ते."

त्याने ओळ तशीच ठेवली. खाली 'ही माझी मुलगी' असं जोडलं आणि ते इतक्या ठळक अक्षरांत छापायला लावलं की उरलेल्या संघांना आतल्या पानावर जावं लागलं.