अण्णांच्या सदऱ्यांचा वास

हॉटेलच्या धुलाईखान्यात तिला सगळे मुकादमबाई म्हणत. बावीस वर्षं तिथं काढलेली बाई. चादरीवरचा डाग वाइनचा की खोकल्याच्या औषधाचा, हे ती दारातूनच सांगायची, आणि कुणी दमट टॉवेलची घडी घातली तर सगळ्यांदेखत त्याची शोभा करायची. अशा बाईच्या स्वतःच्या घरात, सख्ख्या वडिलांच्या सदऱ्यांना, धुऊन इस्त्री केल्यावरही घामाचा वास यावा, याहून मोठी नामुष्की कोणती!

वडिलांना ती अण्णा म्हणायची. अण्णांनी काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर अडतीस वर्षं काढली होती. आई गेली, अण्णांचा विसराळूपणा वाढला, तेव्हा तिनं त्यांना आपल्याकडे आणलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सात टेरिकॉटचे सदरे आले. नवा सदरा आणला की अण्णा त्याचं तोंडभरून कौतुक करायचे, कपाटात ठेवायचे आणि जुनाच घालायचे. दोरीवरून काढताना त्या सदऱ्यांना फुलांचा वास यायचा. अण्णांनी अंगात घातला, अर्धा तास झाला, अंग जरा तापलं, की फुलं कुठल्या कुठं जायची आणि बगलेतून भट्टी वर यायची.

तिचा नवरा काही बोलायचा नाही. तो वायरमन, दिवसभर लोकांच्या माळ्यांवर धूळ खात फिरणारा. त्याच्या नाकाचा काही भरवसा नव्हता. बोलली ती नणंद. एकदा चहाला आली, अण्णांशेजारी बसली, हळूच नाकाला रुमाल लावला आणि निघताना जिन्यात म्हणाली की वहिनी, तुम्ही हॉटेलच्या चादरी धुता म्हणे. हे मुकादमबाईंना इतकं झोंबलं की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिनं साबण दुप्पट केला. सुगंधी सॉफ्टनर एका टोपणाऐवजी तीन टोपणं ओतलं. वास गेला तर नाहीच, उलट फुलं आणि घाम यांचा मिळून एक तिसराच वास तयार झाला. शेवटी अभिमान गुंडाळून तिनं धुलाईखान्यातल्या सगळ्यात जुन्या धोबीकाकांना विचारलं. काका पोट धरून हसले. म्हणाले, "बाई, तू वास धूत नाहीस, त्याच्यावर पांघरूण घालतेस." घामाचं तेल असल्या कापडाच्या धाग्याला धरून बसतं, वरून सॉफ्टनरचा थर बसला की पाणी आत पोचतच नाही, आणि गरम इस्त्री ते सगळं पक्कं करते, असं त्यांनी सांगितलं. हॉटेलच्या सुती चादरींना जे चालतं तेच तिनं घरच्या टेरिकॉटला लावलं होतं. मुकादमपदाची बावीस वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली.

सुट्टीच्या दिवशी तिनं कंबर कसली. सातही सदरे उलटे करून गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवले, बगला मऊ ब्रशनं घासल्या, मग साध्या पावडरीत धुऊन शेवटच्या पाण्यात पेलाभर व्हिनेगर घातलं. सॉफ्टनरची बाटली तिनं माळ्यावर टाकली. एकदा हात चालू लागला की थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. अण्णांची चादर, उशीचे अभ्रे, पांघरूण, टोपी, मफलर, अंगातली जुनी विजार, सगळं धुतलं. उशीचा जुना कापूस फेकून नवी उशी ठेवली. गादीला सोडा चोळून तिला उन्हात घातलं, खुर्चीचं कव्हर काढलं, काठीची मूठसुद्धा व्हिनेगरनं पुसली. अण्णांना नव्या साबणानं आंघोळ घातली आणि कपाटातला कोरा सदरा चढवला. अण्णा मुकाट्यानं हात वर करत होते, खाली करत होते.

ऊन कडक होतं, दुपारी दोनपर्यंत सगळं खडखडीत वाळलं. तिनं एकेका सदऱ्याच्या बगलेत नाक खुपसलं. काही नाही. नवऱ्याला हुंगायला लावलं. त्यालाही काही नाही. तिनं एक सदरा उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला, कापड गरम केलं, पुन्हा हुंगलं. नुसतं पाणी आणि ऊन. तिला इतका आनंद झाला की तिनं नणंदेला फोन करून उद्या चहाला बोलावलं.

जेवण झाल्यावर अण्णा आपल्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, ही खोली कुणाची. तिनं चादरींच्या घड्या घालता घालता सांगितलं, तुमचीच, अण्णा, झोपा आता. ते आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा तेच विचारलं. तिनंही पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा वैतागून. मग ती राहिलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा दार उघडं होतं आणि खोली रिकामी होती.

नवऱ्यानं स्कूटर काढून आसपासचे सगळे रस्ते पालथे घातले, ती पाववाल्याकडे, औषधाच्या दुकानात, बागेतल्या बाकांवर बघून आली. अण्णा कुठंच नव्हते. दुपार उतरत चालली होती, गारठा पडायला लागला होता, अंगात स्वेटर नाही, आणि हृदयाची गोळी संध्याकाळी घ्यायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी चुकली आणि वर थंडी, तर या वयात माणूस बसल्या जागी कोसळतो. पोलिसांनी हे ऐकलं आणि श्वानपथकाचा माणूस तासाभरात दारात आला. सोबत काळीभोर कुत्री.

त्यानं अगदी साधी गोष्ट मागितली. "त्यांचा न धुतलेला एखादा कपडा द्या. कुठलाही चालेल."

ती हसली. खरंच हसली, कारण तिला वाटलं ही तर सगळ्यात सोपी गोष्ट. ती खोलीत गेली आणि तिथं उभी राहिली. सात सदरे, घडी घातलेले. चादर. अभ्रे. टोपी. मफलर. तिनं खुर्चीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. अण्णा बारा महिने राहिलेल्या त्या खोलीत अण्णांचं काहीही उरलं नव्हतं. महिनाभर जे साधावं म्हणून जिवाचं रान केलं होतं ते इतकं पक्कं साधलं होतं, आणि त्याचीच तिला आता भीती वाटत होती.

"सगळं धुतलंय," ती बाहेर येऊन म्हणाली. "आज सकाळीच."

त्या माणसानं कुत्रीला जवळ घेतलं. मग म्हणाला, आणा तर खरं, हिचं नाक आपल्यासारखं नाही. तिनं एक सदरा आणून दिला. कुत्रीनं तो उलटसुलट हुंगला, दारापर्यंत गेली, परत फिरली आणि सरळ येऊन मुकादमबाईंच्या पायांशी बसली.

"हिला यात तुम्हीच सापडताय," तो म्हणाला. "तुमचे हात."

वडिलांच्या सदऱ्यातून तिनं वडील धुऊन काढले होते आणि त्यांच्या जागी स्वतःला लावलं होतं, आणि एका मुक्या जनावरानं ते चारचौघांत दाखवून दिलं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "अगं, त्यांच्या जुन्या विजारीच्या खिशातलं सामान कुठं गेलं?"

खिसे रिकामे करणं ही धुलाईतली पहिली पायरी. ती तिचे हात झोपेतही करत. सकाळी काढलेलं चामड्याचं पाकीट तिनं न बघता फ्रीजवर टाकलं होतं. भट्टीवरच्या दिवसांपासून मागच्या खिशात बसून बसून वाकडं झालेलं. कुत्रीनं ते एकदाच हुंगलं आणि पट्टा ताणून जिना उतरली.

तासभर ते तिच्यामागे चालत होते. बाजार ओलांडला, पूल ओलांडला, लोहमार्गाखालचा बोगदा ओलांडला, तेव्हा मुकादमबाईंना वाट ओळखीची वाटायला लागली. कारखान्याच्या कामगारांची जुनी घरं जिथं होती तिथं आता नुसतं पत्र्याचं कुंपण होतं. तिचा जन्म तिथलाच. कुंपणाबाहेर एक दगडी पायरी तेवढी राहिली होती, आणि तिच्यावर, हात बगलेत धरून, अण्णा बसले होते.

नवऱ्यानं धावत जाऊन आपला कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि गोळी तोंडात दिली. अण्णांनी आधी कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वर बघितलं आणि मुकादमबाईंना बसायला जागा व्हावी म्हणून अदबीनं सरकून घेतलं.

"बसा, बाई."

"अण्णा, घर सोडून इथं का आलात?" तिनं त्यांच्याशेजारी बसत विचारलं.

"घरीच निघालोय," अण्णा म्हणाले. "दुपारी चुकून दुसऱ्यांच्या घरात शिरलो. माणसं भली होती हो. आंघोळ घातली, जेवायला वाढलं, नवा सदरा दिला. झोपा म्हणाले. पण अंथरूण माझं नव्हतं. उशीला तोंड लावलं की कळतं ना माणसाला."

ती काही बोलणार तेवढ्यात त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, परक्या बाईच्या हातावर ठेवावा तसा, संकोचून.

"माझी मुलगी इथंच पुलापलीकडे राहते. मला तिच्याकडे सोडाल का? माझी वाट बघत असेल ती."

तिनं मान हलवली. त्यांना आधार देऊन उठवलं आणि हळूहळू पुलाच्या दिशेनं चालू लागली. मुलीचं घर अण्णा ओळखत होते ते कशावरून, हे तिला आता कळलं होतं, आणि ते सगळं तिनं सकाळी मोरीत ओतून दिलं होतं.