दत्तरावांच्या सत्काराची गोधडी

मी एक जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, मित्रांनो, आणि चांगलीच खुनशी आहे. गोधडीने माया करावी, असं तुम्ही म्हणाल. करते की, पण सगळ्यांवर नाही.

आमचं गाव पालमच्या रस्त्यावर. गावापासून शाळेपर्यंत कडुलिंबाची अठ्ठेचाळीस झाडं होती. लाकडाचे व्यापारी दत्तराव यांनी त्यातली एक्केचाळीस तोडून विकली. त्याच उन्हाळ्यात सहावीतली संघप्रिया शाळेतून येताना ऊन लागून रस्त्यात पडली. पोरगी वाचली. पण उरलेल्या सात झाडांवरही दत्तरावांनी तोडणीसाठी चुन्याच्या खुणा केल्या, तेव्हा तिच्या आजीने, सगुणाबाईने, सुई हातात घेतली. मला शिवताना ती दात-ओठ खात होती. तिचा राग टाक्याटाक्यातून माझ्यात उतरला.

जूनमध्ये पर्यावरण दिन आला. पाच रोपं लावून फोटो काढले म्हणून सत्कार कुणाचा, तर दत्तरावांचा! सगुणाबाईच्या बचत गटाने शाल आणावी, असा निरोप आला. सगुणाबाई म्हणाली, "शाल कशाला? आमी घरची गोधडी देताव."

सत्काराची शाल आधी कोणी उलगडून बघत नाही. मलाही घडी करूनच ताटात ठेवलं होतं. पत्र्याचा मंडप नुसता तापला होता. सगुणाबाईने मला दत्तरावांच्या खांद्यांवर घातलं आणि ते मागे मांडलेल्या महापुरुषांच्या फोटोंना हार घालायला वळले. माझी नक्षी लोकांसमोर आली. लाल दोऱ्याचे एक्केचाळीस खुंट, त्यांच्यात दप्तरासकट पडलेली एक मुलगी आणि खाली सात हिरवे लिंब. संघप्रियाने उठून त्याखालची अक्षरं वाचली, "दत्तराव, आमच्या लेकरायनी सावलीला कुठं थांबायचं?"

दत्तराव मला अंगावरून काढू लागले. सगुणाबाईने माझं टोक धरलं. "उत्तर देईस्तोवर राहू द्या," ती म्हणाली.

दत्तराव घामाने निथळत होते. मी आणखी चिकटून बसले. खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला. शेवटी त्यांनी माईकवर कबूल केलं, "ती सात झाडं तोडणार न्हाई."

आता मी शाळेच्या व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून टांगलेली असते. मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, अधूनमधून झटका. आणि रोज येता-जाता ते लिंब मोजा. एक जरी कमी भरला, तर मला खाली उतरवा आणि सरळ दत्तरावांच्या घरी घेऊन चला.