शिडीवरून खाली

अग्निशमन केंद्रात तिला सगळे खार म्हणत. गाडीवरची लांब शिडी उभी राहिली, की बाकीचे हातमोजे चढवेपर्यंत ही वर पोचलेली असायची. आता तीच खार केंद्राच्या जिन्यात कठड्याला धरून धापा टाकत होती आणि वरून कुणीतरी विचारत होतं, "काय गं, क्रेन मागवू का?" सगळे खो खो हसले. तीही हसली. त्या स्वतःच्या लाचार हसण्याची तिला सगळ्यात जास्त किळस आली.

बरं, खाऊन माजली म्हणावं, तर तसंही नाही. साखर सुटली होती, तळलेलं सुटलं होतं, रात्रीचं जेवण म्हणजे चार घास. पहाटे धावणं, संध्याकाळी दोरीच्या उड्या. तरी पोट आपलं पुढे पुढेच. तोंड सुजल्यासारखं फुगलेलं, दंड आणि मांड्या मात्र काटक्या. अंघोळीला बसली की पोटावरचे जांभळे ओरखडे दिसायचे आणि ती साबण लावताना मान फिरवायची. पट्ट्याखालच्या वळीत घाम साचून आंबूस वास मारायचा. आपल्याच अंगाला हात लावायची शिसारी यावी, याहून वाईट काय असतं?

शेवटी साहेबांनी बोलावलं. "शिडीवर वजनाची मर्यादा आहे, तुला मी काय सांगायचं? महिनाअखेरीला चाचणी. नाही जमली तर नियंत्रण कक्षात बसून फोन घे." फोन घे! तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

जळालेल्या घरात आग कुठून लागली, हे शोधण्यात ती वाकबगार होती. कमी जळालेल्या खोलीपासून सुरुवात करायची आणि जास्त जळालेल्या जागेकडे सरकत जायचं. तिने आपल्या ताटाचीही तशीच झडती घेतली. पण घेतली कशाची, तर चवीने खाल्लेल्या गोष्टींची. कडू औषधाकडे कोण बोट दाखवणार? धावून आली की आई आल्याचा काढा हातात द्यायची. "घे गं, थकवा पळतो." थकवा वाढला तसं बाईसाहेबांनी स्वतःच पेला पुढे केला, "आई, आणखी थोडा दे." धन्य ती अक्कल!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओरखडे पाहिले, दंड चाचपले. "गोळ्या कुठल्या घेता?"

"एकही नाही."

"पूड, काढा, असं काही?"

"आईचा काढा. घरचाच आहे."

"तो कसा करतात, एकदा बघून या." बाईंनी रक्त तपासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती धावायला म्हणून निघाली आणि कोपऱ्यावरूनच परत फिरली. स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती. कागदाच्या घडीत काहीतरी ठेवून त्यावरून लाटणं फिरवत होती, आणि वर गुणगुणत होती.

"काय आहे ते?"

आई दचकली, पण लपवलं नाही. "अंग भरायच्या गोळ्या. औषधवाला देतो. साध्याच असतात."

"मला? कशासाठी?"

"तूच म्हणालीस ना, वजन वाढलं की शिडीवरून काढतात? तुझ्याबरोबरची ती मुलगी गेल्या वर्षी वरून पडली. तिच्या आईचं तोंड मी पाहिलंय. मला माझं पोर खाली हवं होतं."

"मी रात्र रात्र रडायचे, आई. तू माझे पाय चेपायचीस!"

"मग? दुखत होते म्हणून चेपले."

खार मोरीत धावली. तिने घशात बोटं घातली. नुसती लाळ आली. इतक्या महिन्यांचं पोटात गेलेलं असं थोडंच बाहेर येणार होतं! त्या गोळ्या उचलून ती तडक दवाखान्यात गेली. "ह्या गटारात फेकणार आहे," ती म्हणाली.

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे स्टेरॉइड आहे. तुमचं शरीर आता ह्याच्यावरच चालतंय. एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल. मी सांगेन तसं हळूहळू कमी करायचं. तोवर रोज सकाळी घ्यायची, चुकवायची नाही."

"आणि चाचणी?"

"ह्या खेपेला विसरा."

तर आता रोज सकाळी खार ओट्याशी उभी राहून आपल्याच हाताने ती गोळी तोंडात टाकते. पहिल्या दिवशी आईने पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "बघ, डॉक्टरांनीही घे म्हटलंच की!" असं म्हणून तिने पाण्याचा पेला पुढे केला. खारीला तो पेला, ती बोटं, तो प्रेमळ आवाज, सगळ्याचा तिटकारा आला. तिने गोळी कोरडीच गिळली आणि बूट चढवले.

"आजपासून त्या फोनच्या खुर्चीतच बसायचं ना गं?" आईने दारातून विचारलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.