देवापुढचा कागद

या माउली, जरा जवळ सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर एका इंजिनाची गोष्ट सांगतो.

मूळचे लोणंदचे नाथाजी मिस्त्री फौजेतून परतले आणि विश्रामबागेत गॅरेज टाकून बसले. तीस वर्षं ट्रॅक्टर, जीपा उघडल्या. आता दुपार झाली की हात जड होतात. आटपाडीच्या प्रबुद्धनं मात्र शर्यतीची गाडी त्यांच्याकडेच आणली. पिस्टन झिजले होते, चार नवे बसवायचे, रविवारी शर्यत.

नाथाजींची रीत अशी, की नवं सामान आधी देवापुढं. खोक्यातला इंग्रजी कागद त्यांनी खाली अंथरला, वर पिस्टन मांडले, हळदकुंकू वाहिलं. कागद तिथंच राहिला. सिलिंडर त्यांनी नेहमीच्या अंदाजानं घासून आणले, पिस्टन अंगठ्यानं दाबला तर जेमतेम उतरेल इतके घट्ट.

शुक्रवारी दुपारी चौथा पिस्टन बसला, तेव्हा प्रबुद्ध बिचकत म्हणाला, "काका, पिस्टनच्या भवती मोकळीक किती ठेवायची, त्या कागदात असंल की."

"मग वाचला न्हाईस व्हय? कॉलेज शिकलायस न्हवं?"

"आवं, तुमच्या देवापुढचा कागद. मी कसा हात लावू?"

"गड्या, देव काय चावतोय? आण हिकडं."

प्रबुद्धनं कुंकू झटकून वाचलं. हे पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात. मोकळीक दुप्पट हवी होती. गॅरेजात इंजिन गोड चाललं असतं. भर वेगात मात्र पिस्टन जागीच आवळला असता, आणि गाडीत प्रबुद्ध असता.

नाथाजी स्टुलावर बसले.

"चारी काढायचं. सिलिंडर परत घासायचं. रविवार गेला, रं."

"वर्षभर वाट बघितलीया, काका. जरा हळू चालवली तर?"

"शर्यतीत हळू? मग बैलगाडी ने की!"

प्रबुद्ध हसला नाही.

"चूक माझी हाय," नाथाजी म्हणाले आणि पाना उचलला.

प्रबुद्धनं फोन करून यादीतलं आपलं नाव काढायला सांगितलं. मग बाह्या सारून तो समोर उभा राहिला.

मंगळवारी इंजिन नीट सुरू झालं. पोरानं तर कधीच माफ केलंय, पण नाथाजी अजून मान खाली घालून काम करतात. माउली, आज हात जोडाल तेव्हा त्यांचं नाव तेवढं आठवणीनं घ्या.