विरजणाचं फडकं

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात आमच्या गावच्या म्हशी आटल्या आणि घरोघरची विरजणं गेली. फक्त रुद्राणीने दह्यात बुडवलेलं फडकं सावलीत वाळवून जपलं. तिची धाकटी जाऊ महानंदा तेव्हा हसली होती.

पुढच्या साली गावात सगळ्यांच्या आधी महानंदाची म्हैस व्याली. तिने चिंच घालून दही लावलं, ते फाटलं.

"रुद्राणीकडं जा की," सासू म्हणाली.

महानंदाचा जळफळाट झाला. तरी कोमट दुधाचं गाडगं घेऊन ती गेली.

"ह्या चिंधीत कसला जीव असंल, अक्का?"

"हाय की. खायला न्हाई मिळालं की दह्यातले जीव काम थांबवून गप पडतात, असं कॉलेजात शिकणारी मुक्ता सांगती. दूध मिळालं की उठतात."

रुद्राणीने फडकं गाडग्यातल्या दुधात बुडवलं. पहिलं दही पातळ झालं, त्याचंच विरजण लावून दुसऱ्या खेपेला घट्ट लागलं. सासूने बोट चाटलं. "रुद्राणीचंच दही!"

"दूध माझ्या म्हशीचं हाय, अव्वा!"

सासूने ऐकलंच नाही. महानंदाने लुगड्याचा तुकडा फाडून दह्यात बुडवला आणि जावेला दिसावा म्हणून भर उन्हात वाळत घातला.

"सावलीत घाल गं, उन्हानं मरतील," रुद्राणी ओरडली.

महानंदाने वळूनही पाहिलं नाही. रुद्राणी आत गेल्यावर मात्र तिने तुकडा गुपचूप सावलीत नेला.