शेवंतीचं डोहाळेजेवण

मी शेवंती बोलतेय. नाव फुलाचं, जात गावठी कुत्र्याची. नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात, झेंडूच्या वाफ्यांशेजारी माझा जन्म झाला. चालू लागले तशी मोतीरामआबांनी भाकरीच्या बोलीवर मला मळ्याच्या राखणीला ठेवलं.

वय झालं तशी माझ्या जांघेत एक मऊ गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग पेरूएवढी. आबांच्या कारभारीण मालनबाईंनी लांबूनच निकाल दिला, "पोटुशी हाय ती. दूध उतरलंय."

मी कितीतरी महिने तारेच्या कुंपणाबाहेर गेले नव्हते. पिल्लांचा बाप कोण, हे कुणीच विचारलं नाही. शुभ बातमीला पुरावा मागायची आपल्याकडे पद्धत नाही.

सूनबाई भाग्यश्री डोहाळेजेवणासाठी फुलांचे दागिने करते. तिला जाहिरात हवीच होती. तिनं मला मोगऱ्याचा मुकुट घातला आणि निशिगंधाचा कमरपट्टा पोटावर करकचून बांधला. शेजारणी ओटी भरायला आल्या. बर्फी की पेढा ओळखायला दोन वाट्या झाकून माझ्यापुढे ठेवल्या. मी वाट्यांकडे पाहिलं आणि तिथेच ओकले.

"डोहाळे लय कडक हायेत हिचे," शेजारची भिमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मोबाइलवर व्हिडिओ चालूच होता.

गाठ दगडासारखी झाली होती. कळ मस्तकात जात होती. मला मरणाची भीती वाटली, आणि डोक्यावर मोगरा घालून मरायची लाजही वाटली.

एकटे आबा हसले नाहीत. फुलांचे क्रेट उचलताना तेही स्वतःची जांघ दाबत मटकन खाली बसत आणि "वायगोळा हाय" म्हणत. त्यांनी माझी गाठ चाचपली, कमरपट्टा तोडला आणि मला झेंडूच्या टेम्पोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"पिल्लं नाहीत, हर्निया आहे," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "जांघेतून आतडं खाली उतरलंय आणि अडकलंय. आत्ताच ऑपरेशन केलं नाही, तर ही जगायची नाही."

"हे माणसाला होतं का?" आबांनी हळूच विचारलं.

"होतं की. तुम्हाला त्रास आहे का काही?"

"छे, छे. सहज विचारलं." आबांनी जांघेवरचा हात काढून खिशात घातला.

मी वाचले. आता टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून मळ्यात हिंडते. माझा व्हिडिओ गाजला, भाग्यश्रीला ऑर्डरी येतायत. किती पिल्लं झाली, असं बायका विचारतात. "देवाची मर्जी," एवढंच सांगून मालनबाई विषय बदलतात.

आज सकाळी आबा पुन्हा क्रेट टाकून खाली बसले. तोंड पांढरंफटक. "वायगोळा," ते म्हणाले, आणि घरच्यांनी त्यांना ओव्याचं पाणी दिलं. मी नरसाळ्यातूनच कसाबसा त्यांचा पायजमा दातात धरून टेम्पोकडे ओढला. "खेळायला लागली बघा," सगळे कौतुकानं म्हणाले.

आबा, तुम्ही मला टेम्पोत घातलंत. मी तुम्हाला कशी घालू?